पलंगाखालचं खोकं

चिरंजीवांस,
अनेक आशीर्वाद.

'बाळा' म्हटलेलं तुला आता चालत नाही आणि नुसत्या नावाने सुरुवात केली की बाबा चिडलेत असं तुला वाटतं, म्हणून हे जुन्या वळणाचं 'चिरंजीव'. चिडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तू हॉस्टेलला गेलास त्यानंतरच्या रविवारी आईने तुझी खोली आवरायला घेतली आणि पलंगाखालून एक खोकं ओढून काढलं. आत नऊ पुस्तकं. सगळ्यांना खाकी कव्हर, सगळ्यांवर तुझ्या अक्षरात 'फिजिक्स', भाग एक ते नऊ. अकरावीच्या फिजिक्सचे नऊ भाग बघूनच मला शंका यायला हवी होती, पण मी भाबड्या कौतुकाने एक मधूनच उघडलं. त्या पानावर एक मुलगी एका फिकट चेहऱ्याच्या मुलाकडे बघत होती आणि पुढची दोन पानं बघतच राहिली होती.

आई हसली आणि झाडू घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मी तिथेच जमिनीवर बसलो. दोन महिने झाले, सगळी वाचून होत आली आहेत. परवा फोनवर तू चाचरत विचारलंस, "बाबा, माझी काही पुस्तकं होती, ती टाकलीत का?" मी "कुठली पुस्तकं?" म्हणून फोन ठेवला, कारण मांडीवर भाग सात होता आणि हेझलचं काय होतं ते मला त्याच रात्री हवं होतं.

कव्हरांबद्दल काही बोलणार नाही. मी तुझ्या वयाचा असताना 'डॅडी लाँग लेग्ज' भूमितीच्या वहीत घालून वाचलं. तुझे आजोबा ना. सी. फडके असेच चोरून वाचायचे, हे त्यांनीच एकदा मला मोठ्या मिजाशीत सांगितलं होतं. मुलग्याने प्रेमकथा वाचली की मित्र आठवडाभर पिडतात, हे तिन्ही पिढ्यांत सारखंच दिसतं. पण खून झालेली कादंबरी कुणी लपवून वाचत नाही, आणि प्रेम झालेली लपवावी लागते, याची मला गंमत वाटते.

हलकं वाचन म्हणून नाक मुरडणारे म्हणतात, शेवट आधीच ठाऊक असतो. असतोच. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लिहिणाऱ्यांची एक संघटना निघाली, तिने या प्रकाराच्या व्याख्येत दोनच गोष्टी ठेवल्या: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे गोड शेवट हा तिथे दोष नसून करारच आहे. रहस्यकथेतही खुनी सापडणार हे माहीत असतंच की. शेवट ठरलेला असला की लेखकाची खरी परीक्षा मधल्या तीनशे पानांत होते, आणि त्या तीनशे पानांत काय बघायचं यासाठीच हे पत्र.

कुणी 'नाही' म्हटलं की पुढे काय होतं, तेवढं बघ.

हे मला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुन्हा वाचताना सुचलं. तुझ्या खोक्यातलं ते एकच माझ्या ओळखीचं होतं, आणि भाग चारमध्ये पान चाळीसनंतर तुझी एकही खूण नाही, यावरून तू ते सोडलंस हे कळलं. परत धर. १८१३ सालचं आहे, सुरुवातीला गाडी सावकाश जाते, माणसं फार, आणि कोण कुणाची बहीण हे ध्यानात राहत नाही, सगळं कबूल. पण कॉलिन्सपर्यंत ये. हा एक भटजी-थाटाचा पाद्री. नायिकेला, एलिझाबेथला, मागणी घालतो. ती स्वच्छ नाही म्हणते. त्यावर तो खूश होऊन सांगतो की तरुण मुलींची ही रीतच असते, मनात होकार असला तरी पहिल्यांदा नकारच द्यायचा, कधी कधी दोनतीनदासुद्धा. ती पुन्हा नाही म्हणते, तो पुन्हा खूश. जेन ऑस्टिनने हा सगळा प्रसंग हसण्यासाठी लिहिला आहे आणि मी खरोखर इतका हसलो की आई बघायला आली.

त्याच पुस्तकात पुढे डार्सी नावाचा श्रीमंत माणूसही तिला मागणी घालतो, आणि तीही कमी उद्धट नाही. तुझं घराणं माझ्यापेक्षा खालचं आहे, तरी मी प्रेमात पडलो, असा साधारण सूर. एलिझाबेथ त्याला असं काही सुनावते की वाचणाऱ्याचे कान लाल व्हावेत. आता बघ. हा माणूस निघून जातो. दुसऱ्या दिवशी एक पत्र हातात देतो, त्यात आरोपांची उत्तरं आहेत आणि मागणी पुन्हा घातलेली नाही. नंतर तिच्या बहिणीला मोठ्या संकटातून सोडवतो, तेही आपलं नाव कुणाला कळू नये अशी तजवीज करून. आणि अगदी शेवटी पुन्हा विचारतो तेव्हा म्हणतो की तुझं मन बदललं नसेल तर एका शब्दात सांग, मी हा विषय कायमचा बंद करतो. माझ्या मते प्रेम त्या एका वाक्यात आहे. बाकीचा त्याचा वाडा आणि उत्पन्न, ते तिच्या आईसाठी.

आता तुझे भाग एक ते तीन, म्हणजे 'ट्वायलाइट'. २००५ साली आलेलं पहिलं पुस्तक मी तीन रात्रींत संपवलं, तेव्हा ते पकड घेत नाही असं म्हटलं तर मी खोटारडा ठरेन. पाऊस, धुकं, जंगल, सगळं छान जमलं आहे. पण एडवर्ड, म्हणजे तो फिकट चेहऱ्याचा व्हॅम्पायर नायक, रात्री खिडकीतून येऊन बेलाला झोपलेली बघत बसतो, तिला न विचारता, तिला पत्ता नसताना. तिसऱ्या भागात ती जेकबला, तिच्या मित्राला, भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. का, तर तिच्या जिवाला धोका आहे म्हणून. ती त्याच्याशी वाद घालते की नाही, यापेक्षा लेखिका आपल्याला त्या वेळी कुठे उभं करते ते बघ. ती आपल्याला त्याच्या बाजूला नेऊन उभं करते, आणि इतक्या हळुवारपणे की पाय कधी उचलले ते कळत नाही.

त्याच भागात जेकब तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो. ती चिडून ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. आणि तिचा बाप, चार्ली, काय करतो? जेकबची पाठ थोपटतो. मी बाप आहे म्हणून असेल, पण पुस्तक मिटून मी थोडा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. कॉलिन्सला उंच केलं, दिसायला देखणा केला आणि बोलणं कमी केलं, की तो दोनशे वर्षांनी नायक होतो, हे मला तेव्हा कळलं. वाचू नको म्हणत नाही, वाचून झालंच आहे तुझं. 'ट्वायलाइट'चा चौथा भाग मात्र सोडलास तरी फार काही चुकणार नाही.

माझ्या 'डॅडी लाँग लेग्ज'लाही हाच न्याय लावायला हवा ना. १९१२ सालचं, जीन वेबस्टरचं. अनाथाश्रमातली ज्युडी, तिच्या कॉलेजचा खर्च करणारा एक अनोळखी माणूस, अट एकच, महिन्याला एक पत्र लिहायचं, उत्तर मिळणार नाही. सुरुवातीचं छोटं प्रकरण सोडलं तर अख्खं पुस्तक म्हणजे तिची पत्रं. ती इतकी चटपटीत आहेत की तुझ्या वयात मी तिच्या प्रेमात होतो. आता वाचलं आणि दचकलो. तो दाता आणि तिला भेटत राहणारा चौदा वर्षांनी मोठा जर्विस एकच, हे शेवटी उघड होतं. म्हणजे ती मैत्रिणीच्या भावाच्या सहवासात सुट्टी घालवणार हे त्याला तिच्याच पत्रांतून कळतं, आणि पालक म्हणून सेक्रेटरीकरवी हुकूम येतो, तिकडे जायचं नाही. तिची बाजू त्याला कायम कळते, त्याची तिला कधीच नाही. सतराव्या वर्षी मला हे दिसलं नव्हतं. पुढे तो तिला युरोपला पाठवायला निघतो तेव्हा ती नाही म्हणते, सुट्टीत शिकवण्या घेऊन स्वतः कमावते. या वेळी मी सगळ्यात जास्त खूश तिथे झालो. तरी वाच. आवडतं पुस्तक आणि त्यातला हा काटा, दोन्ही एका हातात मावतात.

'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलं प्राध्यापकांसारखी बोलतात. असं कुणी बोलत नाही, निदान तू तरी नाही. पण कॅन्सर झालेली हेझल स्वतःला फुटायला आलेला बाँब समजते, आपल्यामुळे आसपासचे जखमी होतील म्हणून मुलाला लांब ठेवते, आणि तिचे आईवडील काय झेलत असतात हे तिच्या कानावर पडतं, तिथे माझं पाणी झालं. त्या भागाच्या कव्हरवर पाण्याचे जुने डाग आहेत. तुझे की माझे, हा प्रश्न मी विचारणार नाही.

ज्युडी ब्लूमचं 'फॉरएव्हर' तुझ्या खोक्यात नव्हतं. १९७५ सालचं. तिच्या मुलीने आईजवळ तक्रार केली होती की पुस्तकांत मुलामुलींनी एकमेकांना शरीराने जवळ केलं की कुणीतरी मरतंच, असं नसलेलं एखादं लिही. आईने लिहिलं. ग्रंथालयांतून ते काढून टाका म्हणून पुढे वर्षानुवर्षं ओरड झाली. त्यात सगळं स्पष्ट आहे, काळजी कशी घ्यायची तेही आहे, आणि त्या दोघांपैकी कुणी मरत नाही. फक्त प्रेम संपतं. कॅथरीनला दुसरा कुणी आवडू लागतो आणि ते तिला समोर बसून सांगावं लागतं. मायकलला ते ऐकून घ्यावं लागतं. असा शेवट प्रेमकथेत फारसा सापडत नाही, आणि आयुष्यात बहुतेकांच्या वाट्याला एकदा तरी येतो. तू आज मला तोंडावर यातलं काही विचारणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून पुस्तकच सांगतो.

एक सावधगिरी. हल्ली मुखपृष्ठावर गोंडस चित्रं, गुलाबी-पिवळे रंग, आणि आत मजकूर पूर्ण मोठ्यांचा, असंही असतं. त्यावर माझी हरकत वयापेक्षा वेगळी आहे. नायक मुलीला कोंडून ठेवतो, धमकावतो, आणि दोनशे पानांनी ती म्हणते की यालाच प्रेम म्हणतात, असं ज्यात आहे ते सरळ खाली ठेव. पहिली पन्नास पानं एवढं कळायला पुरतात. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल कुणी परीक्षेत विचारत नाही.

आणि एक मी पार्सलने पाठवतो आहे, कव्हर न घालता. 'आय कॅप्चर द कॅसल', डोडी स्मिथचं, १९४८. डाल्मेशियन कुत्र्यांची ती प्रसिद्ध गोष्ट लिहिली तीच ही बाई. पडक्या किल्ल्यात राहणारं कफल्लक कुटुंब, लिहिणं थांबलेला लेखक बाप, आणि सतरा वर्षांची कॅसान्ड्रा, जी हे सगळं वहीत टिपते. तिच्यावर स्टीफन नावाच्या मुलाचा जीव आहे. तो तिला स्वतःच्या म्हणून कविता देतो, त्या थोरामोठ्या कवींच्या उतरवून काढलेल्या असतात आणि तिला त्या ओळखू येतात. (तू असलं काही करत नसशील अशी आशा आहे.) तिचा जीव मात्र बहिणीशी लग्न ठरलेल्या माणसावर. शेवटी हवं ते अगदी हातातोंडाशी येतं, आणि ती विषय बदलते. का बदलते, ते मी सांगणार नाही. मी ते पान चार वेळा वाचलं आणि दरवेळी मला वाटलं, या वेळी ती हो म्हणेल.

भाग आठ आणि नऊमधल्या, म्हणजे जेनी हानच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर'च्या, लॅरा जीनबद्दल लिहायचं राहिलंच. तिने लपवून ठेवलेली पाच प्रेमपत्रं पोस्टात पडतात, ही कल्पनाच झकास. ती आणि पीटर खोट्या प्रेमाचा करार करतात तो तर मला पाठ आहे: काय चालेल, काय चालणार नाही, आधी कागदावर. हलकंफुलकं म्हणतात ते हे. आईनेही भाग आठ आणि नऊ वाचले आणि आमचं पीटरवरून भांडण झालं. मला तो आवडला, तिला अजून भरवसा नाही. गोष्टीचे तीन भाग आहेत असं मागच्या पानावर लिहिलं आहे. खोक्यात दोनच निघाले. पलंगाखाली, कपाटात, माळ्यावर, सगळीकडे शोधून झालं.

तिसरा तू बरोबर नेला असशील, तर वाचून झाल्याबरोबर पाठवून दे. आई रोज विचारते.

तुझा,
बाबा