सूचना : संजय गांधी निराधार अनुदानाचे अर्ज

सर्व दिव्यांग सभासद व पालकांना नमस्कार.

ज्यांचे अर्ज राहिलेत, त्यांनी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत आता तरी भरून टाकावेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व हवं. म्हणजे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पिवळं किंवा निळं. पांढऱ्या कार्डावर हे अनुदान मिळत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५०,००० रुपयांच्या आत असावं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य असावं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. आधारवर ‘दत्तात्रय’, कार्डावर ‘दत्ता’, पासबुकात वडिलांचं नावच नाही, असं असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. बँकेत नुसतं केवायसी झालं म्हणून निश्चिंत राहू नका. अनुदान थेट (म्हणजे डीबीटीने) आधारशी जोडलेल्या खात्यात येतं, तेव्हा ‘डीबीटीसाठी आधार जोडलंय का?’ असं स्पष्ट विचारा.

अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. कुणी ‘मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, लगेच ग्रुपवर कळवा. ज्यांना एकट्याने जाणं जमत नाही त्यांनीही संकोच न करता कळवावं, सोबत कुणीतरी नक्की येईल.