पाहुण्या सैन्याच्या रायफली आणि आपली चेष्टा

मा. संपादक,
स. न.

बेळगावच्या फॉरेन ट्रेनिंग नोडवर परदेशी तुकडी सरावाला आली की पेपरात फोटो छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पपासून खडेबाजारापर्यंत चर्चा सुरू होते. ‘एवढंसं सैन्य, जुन्यापान्या बंदुका, हे काय लढणार?’ २००९ साली मालदीवबरोबरचा पहिला ‘एकुवेरिन’ सराव इथंच झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीलंकेची तुकडी ‘मित्रशक्ती’साठी येऊन गेली. मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राच्या) सावलीत राहणाऱ्या आपल्या गावातसुद्धा लहान देशाचं सैन्य रायफलीच्या वयावरून तोललं जातं. माप चुकीचं आहे, म्हणून हे पत्र.

श्रीलंकेच्या पायदळाची नेहमीची रायफल म्हणजे चिनी बनावटीची टाइप ५६. एके-४७ च्या घराण्यातली, ७.६२ × ३९ मिलिमीटरची गोळी, तीस राऊंडचं (काडतुसांचं) मॅगझीन. रचना जुनी आहे, हे खरं. पण आपण आता घेत असलेल्या एके-२०३ मध्येही तीच गोळी चालते. जुन्या एकेची खरी अडचण वेगळीच आहे. तिच्या वरच्या पातळ झाकणावर दुर्बीण बसवली, तर साफसफाईला झाकण काढून परत लावल्यावर ते केसभर हलतं आणि झिरो (नेमाची जुळणी) जातो. म्हणून दुर्बिणीची पट्टी बॉडीच्या बाजूला बसवावी लागते किंवा नव्या रायफलीत झाकणच बिजागरीने पक्कं करतात. तेव्हा ‘बंदूक जुनी’ म्हणण्याऐवजी ‘रात्रीची दुर्बीण किती जणांकडे आणि ती कशावर बसवलीय’ असं विचारलं, तर उत्तरातून काहीतरी कळेल.

मोठी गोळी म्हणजे चांगली गोळी, हाही एक समज. ५.५६ मिलिमीटरची एक राऊंड साधारण १२ ग्रॅम भरते, ७.६२ × ३९ ची सोळा-सतरा आणि ७.६२ × ५१ ची २४ ग्रॅम. दीडशे राऊंड अंगावर घेतल्या तर पहिल्या प्रकारात पावणेदोन किलोच्या आसपास वजन होतं, शेवटच्या प्रकारात साडेतीन किलोच्या वर. मॅगझीनचं वजन वेगळं, आणि पाणी, ग्रेनेड, रेडिओची जादा बॅटरी ही त्याशिवाय. लांबचा मारा हवा असेल तर हे ओझं घ्यावंच लागतं. जंगलात पन्नास मीटरवर गाठ पडणार असेल तर तेवढ्याच वजनात दुप्पट राऊंड नेलेल्या बऱ्या.

लहान सैन्य खरं अडतं ते सरावाच्या राऊंडांपाशी. हिशेब सोपा आहे. रायफल झिरो करायची तर पाच-पाच राऊंडचे तीन ग्रुप घ्यायचे, दर ग्रुपनंतर साइट फिरवायची, शेवटी खात्रीसाठी पाच. म्हणजे माणशी २०. एकशेवीस जणांच्या कंपनीला २,४०० राऊंड लागल्या, आणि अजून कुणी नेमबाजी शिकलेलं नाही, नुसत्या रायफली सरळ झाल्या. दिवसाची, रात्रीची आणि हालचाल करत करायची फायर धरून माणशी आणखी चाळीस म्हटल्या, तर एका फेरीत ७,२०० होतात. ज्या देशात काडतुसांचा कारखाना नाही तिथं ही प्रत्येक राऊंड परकीय चलनात विकत घ्यावी लागते. भूतान आणि मालदीव तसेच देश. पैसा आटला की पहिली कात्री इथंच लागते, कारण बाहेरून दिसत नाही. परेड तशीच झोकात होते, बूट चमकतात, पण शंभर मीटरवर पाच सेंटिमीटर चुकणारी रायफल तीनशेवर पंधरा सेंटिमीटर चुकते आणि ते फक्त बटातल्या (निशाणामागच्या मातीच्या बांधापाशी बसून नेम तपासणाऱ्या) मार्करला कळतं.

जागेचंही तसंच. मालदीवची सगळी जमीन मिळून तीनशे चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. आपला एकटा खानापूर तालुका त्याच्या कितीतरी पट मोठा. रायफल रेंजला नुसती फायरिंग पॉइंटपासून बटापर्यंतची जागा पुरत नाही, मागे भटकलेली गोळी पडायला मैलभराहून जास्त मोकळं रान लागतं. डोंगर नाही, जंगल नाही, अशा बेटांवरचे जवान सरावाला बाहेर जातात ते याच कारणाने. त्यात खारी हवा. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत कोतात (शस्त्रागारात) रायफलींना गंज धरतो तसा तिथं बारा महिने धरतो. तेलाची चिंदी चार इंच बाय दीड इंच, सुकी चार बाय दोन, फुलथ्रूला (साफसफाईच्या दोरीला) लावून बॅरलमधून एका दमात ओढायची. मध्ये थांबलात तर तिथं ओल आणि काजळी राहते. गॅस पोर्ट (बॅरलमधला गॅस पिस्टनकडे जातो ते भोक) आणि पिस्टन कोरडे पुसायचे. तिथं तेल राहिलं की फायरनंतर काजळीचा लगदा होतो आणि दोन-चार मॅगझीनंतर रायफल अडायला लागते.

अडण्यावरून नेपाळचं उदाहरण आठवतं. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातल्या पिली इथल्या छावणीवर माओवाद्यांनी हल्ला केला आणि नेपाळी सैन्याचे चाळीसहून जास्त जवान मारले गेले. सैन्याच्या प्रवक्त्याने दोष भारताने दिलेल्या इन्सास रायफलवर टाकला, भारताकडून वापर आणि देखभालीकडे बोट दाखवलं गेलं. इन्सासमध्ये दोष नव्हते असं कुणी जवान म्हणणार नाही. कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझीन तडकली होती, हे सर्वांना माहीत आहे. पण ती रायफल एकेरी आणि तीन राऊंडच्या बर्स्टसाठी बनली आहे. हलक्या बॅरलची कोणतीही रायफल मिनिटाला बारा-पंधरा राऊंडच्या पुढे तासन्‌तास चालवली तर तापणारच. दीडशे-दोनशे राऊंड झपाट्याने गेल्या की चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला) थांबलेली राऊंड नुसत्या उष्णतेनेही सुटू शकते. सलग मारा करणं हे जाड बॅरलच्या मशीनगनचं काम. वेढल्या गेलेल्या लहान ठाण्यात मशीनगन कमी असल्या की ते काम रायफलींच्या गळ्यात पडतं. मग बातमी होते ‘रायफल खराब’, आणि मशीनगन किती होत्या हे कुणी विचारत नाही.

उलट बाजूही बघा. भूतानच्या सैन्याला आपलं सैनिकी प्रशिक्षण पथक १९६२ पासून शिकवतंय. त्या सैन्याने डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या हद्दीतले उल्फा, बोडो आणि केएलओ (कामतापूर लिबरेशन ऑर्गनायझेशन) या भारतातल्या बंडखोरांचे तीस तळ मोडून काढले. रणगाडे नाहीत, लढाऊ विमानं नाहीत. श्रीलंकेने २००९ मध्ये संपवलेल्या युद्धातही रॉकेट लाँचरचे फोटो गाजले, पण पायदळातून निवडून तयार केलेल्या आठ-आठ जणांच्या टोळ्यांनी जंगलात जे काम केलं त्याचा फोटो निघत नाही.

आणि आयर्लंड. सप्टेंबर १९६१ मध्ये काँगोतल्या जादोव्हिल इथं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या त्यांच्या साधारण १५५ जणांच्या कंपनीला कितीतरी मोठ्या फौजेने पाच दिवस वेढलं. हातात हलकी शस्त्रं, थोड्या व्हिकर्स मशीनगन आणि ६० मिलिमीटरच्या मॉर्टर. कंपनीचा एकही माणूस मेला नाही, पाच जखमी झाले. सुटकेला निघालेली कुमक लुफिरा नदीच्या पुलावर अडली. हेलिकॉप्टरने पाणी पोचवलं, पण ते इंधनाच्या कॅनमध्ये भरलेलं असल्यामुळे पिता येईना. राऊंड आणि पाणी दोन्ही संपल्यावर शरणागती पत्करावी लागली. मायदेशी त्या जवानांच्या वाट्याला वर्षानुवर्षं कुचेष्टा आली आणि कंपनीला सरकारी सन्मानपत्र मिळायला २०१६ उजाडलं. पुरवठा करणाऱ्यांची चूक लढणाऱ्यांच्या माथी मारली गेली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते याच मोहिमेत, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणून तरी हा प्रसंग आपल्याला परका नसावा.

आता इथल्या काही गैरसमजांबद्दल थोडक्यात. सरावाच्या वेळी लांबून एकेक बार ऐकू येतो, म्हणून ‘यांच्या बंदुका स्वयंचलितसुद्धा नाहीत’ असं आजूबाजूच्या गावांत बोललं जातं. ते ब्लँक राऊंड असतात. त्यात पुढे गोळी नसल्यामुळे गॅसचा दाब पुरेसा तयार होत नाही. बॅरलच्या तोंडाला खास जोड लावला नसेल तर प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने ओढावा लागतो. दुसरं, भरती अकादमीतली पोरं १६०० मीटरच्या धावण्यावरून पाहुण्या जवानांची तब्येत जोखतात. आमच्या वेळी पायदळाची बीपीईटी (लढाईसाठीची शारीरिक चाचणी) पाच किलोमीटरची असायची, रायफल आणि पूर्ण सामानासकट, आणि तिच्यातच दोरावर चढणं आणि नऊ फुटांचा खड्डा ओलांडणंही यायचं. हाफ पँटीतला वेग तिथं फारसा उपयोगाचा नाही.

शेवटी आपल्या वार्ताहरांना विनंती. संयुक्त सरावात दोन्हीकडचे जवान एकमेकांची शस्त्रं हाताळतात, चालवूनही बघतात. तो कार्यक्रमाचाच भाग असतो. त्यामुळे फोटोत पाहुण्या जवानाच्या हातात दिसणारी रायफल पुष्कळदा आपलीच असते आणि आपल्या जवानाच्या हातातली त्यांची. फोटोखाली शस्त्राचं नाव आणि ते कोणत्या देशाचं, एवढं छापावं. जमलं तर सराव किती रात्री चालला, लाइव्ह राऊंड होत्या की ब्लँक, आणि जखमीला उचलून हेलिपॅडपर्यंत न्यायला किती वेळ लागला, हेही जनसंपर्क अधिकाऱ्याला विचारावं. यातलं बरंचसं गुप्त नसतं, विचारलं तर सांगतात.

आपले,
पायदळातील काही निवृत्त वेपन ट्रेनिंग उस्ताद,
खानापूर तालुका, जि. बेळगाव