भरतीच्या मुलांचे गुडघे आणि 'डी-थ्री'च्या पुड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या औषधाच्या दुकानात 'डी-थ्री'च्या, म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाच्या, पुड्यांची मागणी लगेच वाढते. मागणारी मुलं-मुली विशीतली, पहाटे डांबरी रस्त्यावर पळून आलेली. दुकानाच्या दोन पायऱ्या चढतानाही गुडघ्यावर हात जातो. कुणीतरी सांगितलेलं असतं, "रोज एक घे, गुडघा मोकळा होईल." मोबाइलवरच्या यादीत सोबत कॅल्शियम आणि सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं ग्लुकोसामाइनही असतं.

६०,००० युनिटची ही पुडी रोज घ्यायची नसते, हे या मुलांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. रक्ततपासणीत कमतरता दिसली तर डॉक्टर ती साधारणपणे आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच देतात. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं 'ड' जीवनसत्त्व. ते चरबीत साठतं. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडाला इजा होते. ग्लुकोसामाइनचं म्हणाल तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांनाही एकंदरीत त्याचा विशेष उपयोग दिसला नाही. विशीतल्या पोरांनी त्यावर घरचे पैसे का घालवावेत?

या मुलांचा गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा एकदम वाढवलेल्या पळण्यानं. वर्षभर अभ्यासिकेत बसलेला मुलगा १६०० मीटरच्या २० गुणांसाठी अचानक दोन्ही वेळ पळू लागतो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) महिने लागतात. तिथे उपाय म्हणजे पळणं बंद न करता कमी करणं, मातीवर पळणं, आणि मांडी व कमरेच्या स्नायूंना ताकद देणं. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद थांबणं, असे साधे व्यायामही उपयोगी पडतात. मात्र फरक पडायला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि नेमका तेवढाच धीर जाहिरात निघाल्यावर कुणाकडे नसतो.

'ड' जीवनसत्त्वाची कमतरता या मुलांत नसतेच, असं मी म्हणत नाही. पहाटे अंधारात पळून दिवसभर आत बसणाऱ्यांना ऊन मिळणार कुठून? नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल, किंवा मुलींची पाळी थांबली असेल, तर पळणं थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. तिथे दुखणं हाडाचं असू शकतं, आणि त्याच्याशी 'ड' जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पोटभर जेवण, तिन्हींचा खरोखर संबंध असतो.

वृत्तपत्रांत भरतीच्या लेखी परीक्षेचे प्रश्नसंच छापून येतात. आपण त्याच पानावर आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टचं छोटं सदर द्यावं, ही विनंती. अकॅडमीच्या फलकावर ते कात्रण लागेल, आणि मी ते माझ्या काउंटरवरही चिकटवीन.

आपला,
एक औषधविक्रेता, फलटण (जि. सातारा)