बहिष्कार राहू द्या, आधी टूलरूमचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चायनाच्या माळा घेऊ नका असे मेसेज सुरू होतात. माझं रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. अहो माळ सोडा, ज्या डायमधून, म्हणजे साच्यातून, मी इथे माल काढतो ती डायच चीनमधून येते.

वीस वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत दोन टूलरूम, म्हणजे डाय बनवायची-दुरुस्त करायची वर्कशॉप, होत्या, डाय बिघडली की टेम्पोत टाकून न्यायची आणि मिस्त्री संध्याकाळपर्यंत पिन बदलून पॉलिश मारून द्यायचा. मग गिऱ्हाईकच सांगायला लागलं की चीनमधल्या डोंगग्वानवरून निम्म्या पैशात महिन्याभरात डाय मिळते, तुम्ही तीन महिने सांगता. दोन्ही टूलरूम बंद पडल्या. मला तेव्हा वाटायचं तिकडे मजुरी स्वस्त म्हणून होत असेल, पण आज तिकडची मजुरी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे तरी डाय स्वस्तच पडते, कारण स्टील, हीट ट्रीटमेंट, मोल्डबेस (डायचा तयार सांगाडा), स्पार्क मशीन (ठिणगीने स्टील कोरणारं) सगळं एकमेकांच्या जवळ आणि हाताखाली शिकलेली पोरं. शेन्झेनचा विशेष आर्थिक झोन १९८० चा, चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला २००१ ला, म्हणजे मधली वीसेक वर्षं त्यांनी तयारीच केली.

आणि आपण? माझे वडील वागळे इस्टेटला फिटर होते. अप्रेंटिसच्या हातात पहिले दोन महिने फक्त कानस द्यायचे. त्या कंपनीच्या जागी आता काचेची बिल्डिंग आहे. आज आयटीआय झालेला मुलगा येतो त्याला मायक्रोमीटर वाचता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही, शिकताना मशीनला हात लावायला मिळालेलाच नसतो. आम्ही मालकांनीही अप्रेंटिसला शिकवण्यापेक्षा माल उचलायलाच जास्त लावलं, हे मान्य करायला हवं. मग तो डिलिव्हरीला जातो, तिथे पैसे जास्त मिळतात.

गलवानच्या चकमकीनंतर २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केले, चांगलं केलं, पण २०२४-२५ ला चीनबरोबरच्या व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. एप्रिल २०२५ ला त्यांनी गाड्यांच्या मोटरमध्ये लागणाऱ्या रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीला लायसन्स लावलं तर आपल्या गाडीवाल्या कंपन्यांची धावपळ झाली. हे माळा न घेतल्याने सुटणार आहे का?

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात एक तरी सामायिक टूलरूम काढा, जिथे आमच्यासारख्याला तासावर मशीन मिळेल आणि आयटीआयची पोरं वर्षभर प्रत्यक्ष काम करतील. माझा टर्नर ६१ वर्षांचा आहे, मार्चनंतर गावी जातो म्हणतोय. तोवर त्याच्या हाताखाली दोन पोरं हवीत, पगार मी देतो, शिकायची तयारी असलेली पाठवा.

– एक लघुउद्योजक, ऐरोली