भुईचाफ्याचा कोपरा राखणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुमची-आमची ओळख बिट्टीमुळं झाली. फेब्रुवारीत आम्ही शाहूपुरीतला फ्लॅट सोडून कळंब्याकडच्या या जुन्या बैठ्या घरात राहायला आलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. माझी चार वर्षांची लेक अंगणात हिरव्या कोनदार फळांचे सागरगोटे करून खेळत होती आणि मी पायरीवर बसून कौतुकानं बघत होते. तुम्ही तळ्यावरून फिरून परत निघाला होता. फाटकाशी थांबून म्हणालात, "ताई, पोरीच्या हातातल्या बिट्ट्या आधी काढून घ्या. हात धुवा तिचे. मग बोलू."

ज्या पिवळ्या फुलांनी मी रोज देव सजवत होते ती पिवळी कण्हेर आहे, तिचं सगळं झाड विषारी आहे आणि बियांतलं विष तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एक पान मोडून पांढरा चीक दाखवलात आणि पोर मोठी होईपर्यंत हे झाड दारात नको, एवढंच म्हणालात. त्याच दिवशी आम्ही ते काढलं. त्या सकाळी तुम्ही न थांबता पुढं गेला असतात तर, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हा मी घाबरलेली होते, धड आभारही मानले नाहीत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

नंतर कळलं की तुम्ही आयुष्यभर कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलंत. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी रानात, बांधावर, ओढ्याकाठी हिंडून मुलांसाठी फुलं-पानं गोळा करून आणायची. त्यामुळं झाडाचं गावाकडचं नाव आणि लॅटिन नाव, दोन्ही तुमच्या जिभेवर. तरी मी विचारल्या विचारल्या तुम्ही नाव कधीच सांगितलं नाहीत. "आधी हात लावा, वास घ्या, उजेडात धरा. मग बघू की."

फाटकाजवळच्या गर्द झुडपाचं तसंच झालं. मी मेंदी समजत होते. तुम्ही एक पर्णिका तोडून माझ्या हातात दिलीत आणि उन्हासमोर धरायला लावलीत. पानभर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके! त्या तेलाच्या ग्रंथी, म्हणालात. मग चुरगळून वास घ्यायला लावलात आणि विचारलंत, "स्वयंपाकघरातलं कोण आठवतंय?" मला लिंबू आठवलं, कढीपत्ता आठवला. तिघांचं कूळ एकच. ती कुंती होती. पुढं एका संध्याकाळी ती पांढऱ्या फुलांनी भरून गेली आणि वास पार माजघरापर्यंत आला, तेव्हा नाव सांगायला मला कुणाची गरज पडली नाही.

तगर आणि अनंतातला गोंधळही तसाच सुटला. पान मोडल्यावर दुधासारखा चीक आला तर तगर, नाही आला तर अनंत. मागच्या पत्र्यावर चढलेली वेल मात्र महिनाभर नुसती पिकल्या फळासारखा वास देत होती, फूल काही दिसेना. फुलाच्या देठाचा वाकडा आकडा तुम्हीच बोटानं दाखवलात. त्या आकड्यानंच हिरवा चाफा आधार धरून वर चढतो. फूल पानाच्याच रंगाचं, पिवळं पडायला लागलं की घमघमतं. आणि तो सीताफळाचा भाऊबंद! हे मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पण मामा, सगळ्यात मोठं ऋण आहे ते पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कोपऱ्याचं. तिथं काहीच नव्हतं. उघडी माती. आम्ही पेव्हिंग ब्लॉक बसवून गाडी लावायचं ठरवलं होतं, माणसाला ॲडव्हान्सही दिला होता. तुम्ही खाली बसून बोटांनी माती उकरलीत, एक वाळका कंद बघितलात आणि पुन्हा झाकलात. "हळदीच्या घरातलं कुणीतरी झोपलंय. वळीव होऊ दे. तोवर इथं कुदळ नको." आमचे हे थोडे नाराज झाले, पण थांबले.

एप्रिलच्या शेवटी दोन वळीव झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक ओरडत आली, "आई, मातीतनं फूल आलंय!" ना खोड, ना पान. भेगाळलेल्या मातीतून थेट वर आलेल्या अरुंद पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध दुभंगलेली जांभळी पाकळी. वास घ्यायचा तर गुडघे टेकून मातीला नाक लावावं लागतं. आम्ही तिघंही तसेच ओणवे झालो होतो. तुम्ही आलात, बघितलंत आणि म्हणालात, "भुईचाफा. केम्फेरिया रोटुंडा." आणि पुढं, केम्फर नावाचा जर्मन डॉक्टर 17 व्या शतकात पार जपानपर्यंत फिरला होता, त्याच्या नावावरून लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 मध्ये हे नाव दिलं, तेही सांगितलंत.

मिरगानंतर पानं आली. वरून हिरव्यावर फिकट-गडद नक्षी, खालून जांभळट. फूल आणि पान बहुधा एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून नुसतं पान बघणाऱ्याला हा भुईचाफा आहे हे उमगत नाही. या घरातल्या आधीच्या आजींच्या सूनबाई जूनमध्ये लाईट बिलाच्या कामासाठी आल्या होत्या. पानं बघून तिथंच थबकल्या. आजींनी तो कंद आजऱ्याहून, माहेराहून आणला होता म्हणे. ब्लॉक बसले असते तर आम्हाला हे कधी कळलंही नसतं.

आता दिवाळी झाली. पानं पिवळी पडून आडवी झाली आहेत, कोपरा पुन्हा रिकामा दिसतोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणं पाणी बंद केलंय आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून लेकीनं भोवती दगड मांडलेत. गाडी रस्त्यावरच असते.

काल वाळलेल्या पानांखालचे दोन कंद हळूच काढून कोरड्या मातीच्या कुंडीत ठेवलेत, जिन्याखाली. तुमच्या गॅलरीत सकाळचंच ऊन येतं म्हणाला होता, त्याला तेवढं पुरतं. रविवारी येताना पिशवी घेऊन या.

आपली,
बिट्टीवाल्या घरातली ताई