करवंद लावा, पण फाटकाजवळ नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीतल्या कुंडीत ब्लूबेरी कशी लावायची ते वाचलं, लेख छान होता पण इकडे लांज्याला पंख्याखाली बसून वाचताना हसू आलं. त्या झाडाला थंडी लागते, ती आम्ही काय फ्रीजमधून काढून द्यायची? आणि आपल्याकडे बेरी नाही असं कोण म्हणतं, करवंद काय आहे मग?

दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची करवंदाची जात काढलीय, नावाप्रमाणे फळ मोठं. ६ वर्षांपूर्वी एका नर्सरीतून मी ४ रोपं आणली आणि पावसाच्या तोंडावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना लावली, दिसायला बरं म्हणून. पहिली दोन वर्षं नुसतं बसून होतं, मला वाटलं गेलं. तिसऱ्या पावसाळ्यात जे सुटलंय ते विचारू नका, आज ७-८ फूट झालंय आणि फांद्या सगळ्या रस्त्याकडे झेपावलेल्या. काटे म्हणजे सुया, काहींना टोकाला परत दोन फाटे, पोस्टमनचा शर्ट एकदा फाटला तेव्हापासून तो बाहेरूनच हाका मारतो. म्हणून पहिलं सांगणं, लावा पण कुंपणाला मागच्या बाजूला, गुरं आत शिरत नाहीत आणि उन्हाळ्यात पाणीही फार मागत नाही. छाटणी फळं संपल्यावर लगेच करायची, फुलं नवीन फुटीच्या शेंड्याला येतात, उशीर केलात तर पुढच्या वर्षी नुसती पानं. चीक कपड्यांवर पडू देऊ नका, डाग जात नाही (हे बायकोकडून).

आता खरी तक्रार. चारांतल्या दोन झाडांना टपोरी फळं आली, दोघांना सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या रानटी करवंदांसारखी गोटीएवढी. चौकशी केल्यावर कळलं की नर्सरीवाल्याने बियांची रोपं बोल्ड म्हणून दिली होती. बोल्डच्या बीचं रोप बोल्डच निघेल याची काही गॅरंटी नाही, हमी हवी तर गुटी कलमच (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) घ्यायला पाहिजे. आंब्याच्या बाबतीत आपण कलम की रायवळ हे दहा वेळा विचारतो, करवंदाला कोण विचारतंय, तीन वर्षं वाढवल्यावर फळ बघूनच कळतं आणि तोपर्यंत पावती कुठे असते? टॅगवर 'कलम' की 'बी' एवढं जरी लिहिलं तरी पुरे, एक शब्द छापायला काय खर्च येतो?

कच्ची फळं लोणच्याला एक नंबर, जेली तर आपोआप घट्ट होते, पेक्टिन भरपूर असतं. बेकरीत लाल चेरी म्हणून जे मिळतं ना, ते पुष्कळदा पाकात रंगवलेलं करवंदच असतं, म्हणजे आपण ते खातोच आहोत, फक्त नाव परकं.

नुसतं खायला मात्र मला अजून डोंगरची काळी मैनाच आवडते. मे महिन्यात पळसाच्या पानाच्या द्रोणात घेऊन बायका एसटी स्टँडवर बसतात, त्याची गोडी बोल्डला नाही. नातवाला मी कोंबडा की कोंबडी खेळायला शिकवलं, फोडायच्या आधी सांगायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. माझ्या झाडाचं फळ फोडलं की पैज सोडून तो आधी ते माझ्या तोंडात घालतो, आंबट आहे का बघायला. आणि इकडे सड्यावरच्या करवंदाच्या जाळ्या जेसीबी लावून उपटताहेत, काजू लावायला.

तर पुढच्या मे महिन्याच्या आधी पुरवणीत एक पान करवंदाला द्या, गुटी कशी बांधायची त्याच्या फोटोंसकट. फोटो काढायला माझं झाड आहे, फक्त मागच्या दाराने या.

आपला नेहमीचा वाचक,
लांजा, जि. रत्नागिरी