मोटारीला माफी, टेम्पोला टोल: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी कोरेगाव तालुक्यातला टेम्पोमालक. एक चारशे सात टेम्पो आहे. धाकटा भाऊ चालवतो, वही मी लिहितो. आठवड्यातून दोन-तीनदा गावातला घेवडा, वाटाणा, आले भरून गाडी वाशीच्या मार्केटला जाते. आमच्याकडे आल्याची ‘गाडी’ म्हणजे 500 किलो, त्यामुळे माझ्या एका गाडीत पाच गाड्या बसतात. हा हिशेब बाहेरच्या माणसाला समजावताना नेहमी हसू येते. टोलचा हिशेब मात्र मलाच कुणी समजावून देत नाही, म्हणून हे पत्र.

रात्री गाडी निघाली की आधी आनेवाडी, मग खंबाटकी उतरून खेड शिवापूर, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उर्से व खालापूर. पहिले दोन नाके केंद्राचे, पुढचे दोन राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे. पूर्वी खिडकीतून पावती मिळायची. भाऊ ती सनव्हायझरमध्ये खोचायचा आणि मी वहीला टाचायचो. आता फास्टॅगमधून पैसे जातात आणि मोबाइलवर संदेश येतो. रांग कमी झाली, हे मान्य. पण एकदा एका नाक्यावर (नाव घेत नाही) एकाच फेरीचे दोनदा पैसे कापले गेले. ते परत मिळवण्यासाठी मी इतके फोन केले की शेवटी त्या रकमेपेक्षा माझा वेळ महाग पडला.

द्रुतगती मार्गावर 1 एप्रिल 2023 पासून मोटारीचा टोल 270 चा 320 झाला आणि टेम्पोचा 420 चा 495. म्हणजे जाऊन-येऊन 990 रुपये, आणि यात केंद्राचे नाके धरलेले नाहीत. डिझेल जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न लिटर लागते. लिटर 90 रुपये धरले तर राज्याचा 21 टक्के व्हॅट लिटरमागे पंधरा रुपयांच्या आसपास बसतो, म्हणजे एका फेरीला आठशेच्या पुढे. केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे, आणि त्याच शुल्कात रस्त्यांसाठीचा उपकरही असतो. गाडीचा रस्ता कर आरटीओत भरतो तो आणखी वेगळा. एकाच डांबरासाठी मी तीन खिडक्यांवर उभा राहतो, साहेब. तिन्ही ठिकाणी पैसे घेणारे तयार असतात. काय जमले आणि कशावर खर्च झाले हे सांगणारे कुणी भेटत नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या पहिल्या कारकिर्दीत, 2015 च्या मे महिन्याअखेरीस, राज्यातले 12 टोलनाके बंद झाले आणि आणखी 53 नाक्यांवर मोटारींना व एसटीला सूट मिळाली. आम्हीही पेढे वाटले होते. टेम्पो सुटला नव्हता, पण वाटले, पुढची पाळी आपली. मग 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, आनंदनगर, एलबीएस मार्ग, ऐरोली आणि वाशी इथे हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. भाजीचे मोठे ट्रक देतच राहिले. महिन्याभराने विधानसभेचे मतदान होते, तो योगायोग मी बाजूला ठेवतो. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 3,000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पास आणला, तोही फक्त खासगी मोटारी, जीप आणि व्हॅनसाठी. त्याच महिन्यात अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बस मोफत झाल्या.

चार वेळा सवलत आली आणि चारही वेळा ती माझ्या टेम्पोला वळसा घालून गेली.

मला मोटारवाल्यांचा राग नाही. माझा मेहुणा ठाण्यात राहतो, त्याचे रोजचे नव्वद रुपये वाचले, बरे वाटले. पण नाका माफ झाला म्हणून ठेकेदाराचे पैसे बुडत नाहीत. करारात ठरलेले उत्पन्न त्याला सरकारी तिजोरीतून भरून द्यावे लागते. ती तिजोरी कशाने भरते? माझ्या फेरीतल्या त्या आठशे रुपयांनीसुद्धा. म्हणजे मेहुण्याच्या मोटारीचा टोल आता थोडा मी भरतो आणि माझा टोल तर भरतोच. आणि मी तरी कुठला भरणार? मी तो भाड्यात घालतो. भाडे अडत्याकडून येणाऱ्या पट्टीत, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदात, हमाली आणि तोलाईच्या शेजारी कापले जाते. शेवटी टोल भरतो तो गुडघाभर चिखलात घेवडा तोडणारा माणूस, ज्याच्याकडे मोटार नाही आणि बहुधा कधी होणारही नाही.

पट्टीत हात घालता येतो हे आपल्या सरकारनेच दाखवले आहे. 2016 मध्ये शेतकऱ्याच्या पट्टीतली आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, काढून ती खरेदीदाराकडे वळवली. बाजार बंद पडेल, माल कुजेल, अशी आरडाओरड तेव्हा झाली होती. बाजार आजही चालू आहे.

इंधनाबद्दल एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये अधिभार लावला. माणदेश आमच्या शेजारी, टँकरच्या रांगा आम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या, म्हणून कुणी तक्रार केली नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारू दुकाने बंद झाली आणि बुडणारा महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी 3 रुपये चढले. दारू पिणाऱ्याचे पैसे पेट्रोल भरणाऱ्याकडून! पुढे दुष्काळानंतर पाऊसही झाला, दुकानेही बरीचशी उघडली. अधिभार मात्र वर-खाली होत जून 2020 मध्ये पेट्रोलला 10.12 रुपयांवर पोचला. जुलै 2022 मध्ये सरकार बदलल्यावर त्यातले 5 उतरले आणि डिझेलचे 3, हेही नोंदवतो. उरलेले 5.12 रुपये आता नेमके कशासाठी आहेत? नवापूरचा माणूस हद्द ओलांडून उच्छलला टाकी भरायला जातो, कारण गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-नऊ रुपयांनी स्वस्त पडते. तो करचुकवा नाही, त्याला फक्त बेरीज येते.

आपण म्हणाल, इंधनाचा भाव केंद्राच्या आणि तेल कंपन्यांच्या हाती. अर्धे खरे आहे. एप्रिल 2025 मध्ये कच्चे तेल उतरले, तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क 2 रुपयांनी वाढवून तो फायदा वरच्या वर उचलला. पंपावरचा आकडा हलला नाही. तेल चढले की आम्ही भरायचे आणि उतरले की सरकारने ठेवायचे, असा हा धंदा. पण त्या एकूण भावावर टक्क्याने व्हॅट बसवणारे राज्यच आहे. मूळ भाव चढला की राज्याचा वाटा आपोआप चढतो, बोट न हलवता.

रस्ते फुकट होतात असे मी म्हणत नाही. द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हा जुन्या घाटात आमच्या वडिलांच्या ट्रकला रात्र जायची. पण 2002 पासून पूर्ण सुरू असलेल्या त्या 94.5 किलोमीटरच्या रस्त्याची वसुली 2004 मध्ये 918 कोटी आगाऊ घेऊन पंधरा वर्षांसाठी ठेकेदाराला दिली. ती मुदत 2019 मध्ये संपली. 2020 मध्ये आणखी दहा वर्षांसाठी 8,262 कोटींना पुन्हा तोच व्यवहार झाला. पहिल्या पंधरा वर्षांत रस्त्याचा खर्च, व्याज आणि देखभाल धरून किती वसूल झाले, किती उरले, हे खालापूरच्या नाक्यावर माझ्या भावाला वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. मराठीत, कोटींत, दर महिन्याला बदलणारा आकडा. टोल कधी संपणार ती तारीखही. पेट्रोल पंपावर रोजचा भाव लावता येतो, तर हेही येईल.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. केरळमधल्या पालियेक्करा नाक्यावरचा टोल तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये थांबवला, कारण रस्ता चालण्याजोगा नव्हता. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. त्या खंडपीठाचे प्रमुख आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. पुणे-सातारा रस्त्याचे सहापदरीकरण 2010 मध्ये सुरू झाले, 2013 मध्ये संपायचे होते. त्यानंतरची कितीतरी वर्षे आम्ही वळणांवर धूळ खात टोल भरला. तेव्हा आम्हाला कुणी न्यायालय दाखवले नाही. कोल्हापूरकरांनी मात्र एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे रस्त्यावर उतरून शहरातला टोल घालवून दाखवला. सातारकरांनाही तीच वाट धरायला लावू नका.

आणि तिसरे मागणे, ज्यासाठी खरे तर लेखणी उचलली. नाशवंत शेतमाल भरलेल्या गाडीला राज्याच्या नाक्यांवर टोल माफ करा. आषाढीला वारकऱ्यांच्या आणि गणपतीला कोकणात जाणाऱ्यांच्या गाड्यांना आपण पास देता. तसाच पास बाजार समितीच्या आवक नोंदीवर देता येईल. माल कुणाचा, किती, कुठून आला, हे तिथे तसेही लिहिले जातेच. खोटे पास निघतील, हे मला माहीत आहे. ते गणपतीतही निघत असतील, म्हणून आपण गणपतीचे पास बंद केलेले नाहीत.

दारात पोती आली आहेत, भाऊ हॉर्न देतोय. आज आल्याची चाळीस पोती आहेत. परवा पट्टी येईल, तिचा फोटो आपल्या कार्यालयाला पाठवतो. भाड्याच्या आकड्याखाली लाल रेघ मारून त्यातला टोल किती तेही लिहीन.

आपला,
एक टेम्पोमालक
ता. कोरेगाव, जि. सातारा